पाण्यावरची चादर

आमच्या दुकानात चादर घ्यायला आलेलं जुनं गिऱ्हाईक आधी चादर उलगडत नाही. घडीचा एक कोपरा अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरतं, जरा चुरगळतं आणि सोडून देतं. सोलापुरात हयात गेलेल्या माणसाला तेवढ्या चिमटीत सगळं कळतं. वीण किती दाट आहे, सूत किती भरलंय, ही चादर दहा वर्षं अंगावर राहील की पहिल्या धुण्यातच भोंगळ होईल, हे डोळ्यांना दिसत नाही. रंग आणि नक्षी चांगल्या-वाईट दोन्ही चादरींना सारखीच असते. वडिलांनी मला हे शाळेत जायच्या आधी शिकवलं. पुढे तीस वर्षं मी मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं, पण संध्याकाळी नवी पेठेतल्या दुकानात बसायची सवय गेली नाही. ही प्रस्तावनाही गल्ल्याशेजारी बसूनच लिहितो आहे.

विषय मात्र सोलापुरापासून फार लांबचा आहे. गोठलेल्या तळ्यावर चालत जायचं, बर्फाला भोक पाडायचं, त्यातून गळ सोडून मासे धरायचे, आणि हे सगळं हंगामाच्या अगदी सुरुवातीला, बर्फ कोवळा असताना, जीव सांभाळून कसं करायचं, याची ही पुस्तिका आहे. माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. तिथे दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी मोजलेली आहेत, आणि हिवाळ्यात ती बहुतेक सगळी गोठतात. भाच्याने आणि त्याच्या ओळखीच्या काही मराठी कुटुंबांनी मिळून ही टिपणं लिहिली. त्यांना वाचून तपासणारा, पदार्थविज्ञान शिकवलेला कोणी तरी हवा होता. मी तपासायला घेतली आणि तपासता तपासता गुंतून गेलो.

चादर हा शब्द मी उगाच काढला नाही. लडाखमध्ये झंस्कार नदी जानेवारी-फेब्रुवारीत गोठते आणि तिच्यावरून चालत जायची जी वाट तयार होते तिला चादरच म्हणतात. महाराष्ट्रातून किती तरी तरुण दर वर्षी ती चालायला जातात. माझे दोन जुने विद्यार्थी जाऊन आले. त्यांच्या सांगण्यात डोंगर आणि थंडी थोडीच होती. ते दोघंही सारखं सांगत होते ते पुढे चालणाऱ्या झंस्कारी वाटाड्याबद्दल. तो हातातली काठी बर्फावर आपटायचा, आवाज ऐकायचा, मग पाऊल टाकायचा. कधी एकाएकी थांबून सगळ्यांना कड्याच्या बाजूने चढून वळसा घालायला लावायचा. यांना बर्फात काहीच फरक दिसत नसे. त्याला तो ऐकू येत असे. आमच्या गिऱ्हाइकाच्या चिमटीसारखंच ते ज्ञान आहे, आणि ते लहानपणापासून हाताला लागलेलं असतं.

आपल्याला असं काही येत नाही, असं मात्र नाही. उन्हाळ्यात उजनी धरण ‘मायनस’मध्ये गेलं की पाणी मागे हटतं आणि मैलोन्‌मैल गाळ उघडा पडतो. हिप्परग्याच्या तलावाचंही तेच. दोन-चार दिवसांच्या उन्हात त्या गाळावर पापुद्रा धरतो. काळ्या मातीचा तो पापुद्रा भेगाळतो, वरून राखाडी, कोरडा, टणक दिसतो, एखादं कुत्रं त्यावरून पळतही जातं. लहानपणी मी अशाच एका काठावर म्हैस रुतलेली पाहिली. पोटापर्यंत गेली होती. माणसांनी फळ्या टाकल्या, फळ्यांवर पालथं पडून तिच्या पोटाखालून दोर घातला आणि ओढून काढली. कोणीही उभा राहून तिच्याजवळ गेला नाही. तेव्हा आमचे एक चुलते म्हणाले होते, “वरचं वाळलंय, आतलं नाही.” ते वाक्य माझ्या डोक्यात साठ वर्षं आहे, आणि या पुस्तिकेतलं निम्मं शहाणपण त्याच वाक्यात बसतं. कोवळा बर्फ हा पाण्यावर धरलेला पापुद्रा आहे. वरचं गोठलंय, आतलं नाही.

पण गाळाची भीती मला कोणी पुस्तकातून दिली नाही. विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ, ओढ्याला अचानक येणारं गढूळ पाणी, पावसाळ्यात खचणारा बांध, या सगळ्यांची भीती आपल्याला आईच्या, आजीच्या, चुलत्यांच्या तोंडून मिळते, तीही इतक्या लहानपणी की कधी मिळाली ते आठवत नाही. बर्फाच्या बाबतीत आपल्याला अशी आजी नाही. सोलापूरच्या माणसाला बर्फ माहीत आहे तो कारखान्यातल्या लादीचा. गोणपाटात गुंडाळलेली, भुसा लागलेली लादी रसवंतीसमोर उतरते, टोच्याने फोडतात, चुरा होतो. असा माणूस तिशीत विमानाने जातो आणि पहिल्याच डिसेंबरात क्षितिजापर्यंत पसरलेला बर्फ बघतो. त्यावर पोरं खेळताहेत, माणसं खुर्च्या टाकून बसली आहेत. त्याला वाटतं, ही जमीनच आहे.

२६ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात वुड्स कॅनियन नावाच्या तळ्यावर हेच झालं. आंध्रातून तिकडे गेलेली कुटुंबं नाताळच्या सुट्टीत बर्फ बघायला डोंगरात गेली होती. ती राहत होती फिनिक्सजवळ, म्हणजे सोलापूरलाही लाजवील अशा उन्हाच्या गावात. गोठलेल्या तळ्यावर चालताना बर्फ फुटला आणि तिघे गेले. त्यांची भाषा आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांची भाषा. ती बातमी मी वाचली तेव्हा ही माणसं मला परकी वाटली नाहीत. ती मासे धरायलाही गेली नव्हती, नुसती फिरायला गेली होती. त्यांची चूक झाली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या गोष्टीची भीती घरातून मिळायला हवी होती, ती मिळण्याची सोयच नव्हती. या पुस्तिकेची गरज मला त्या बातमीनंतर पटली.

आणि पटायला घरचंच कारणही होतं. भाचा तिकडच्या दुसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका सहकाऱ्याबरोबर मासे धरायला गेला. आदल्या रात्री बर्फावर हलका हिमाचा थर पडला होता आणि त्यावर कोणाच्या तरी पावलांचे ठसे सरळ आत गेलेले होते. माणूस गेलाय म्हणजे आपणही जाऊ शकतो, असं त्याला वाटलं. ते ठसे लव्हाळ्याच्या बेटाशेजारून, जिथे एक ओढा तळ्यात येतो तिथून गेले होते. पहिला माणूस वजनाने हलका असेल, किंवा त्याचं नशीब असेल. भाचा कंबरेपर्यंत खाली गेला. मागच्या सहकाऱ्याने शहाणपणाने पुढे धाव घेतली नाही. तो पालथा पडला आणि सामानाच्या घसरगाडीचा दोर त्याने भाच्याकडे फेकला. दुसऱ्या दिवशी भाचा फोनवर म्हणाला, “मामा, जमीनच वाटली की हो. आवाजसुद्धा नाही आला.” हा पोरगा विहिरीत पोहायला शिकलेला, अभियंता झालेला. त्याच्या आईला हे आम्ही वर्षभर सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी स्वतः गेलो. भाच्याच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. त्यांचे वडील आणि आजोबाही याच तळ्यांवर मासे धरत. त्यांनी मला बरोबर नेलं. उणे बारा तापमान होतं, हवा पडलेली, आकाश असं निळं की डोळे दुखावेत. काठावर पोचल्यावर त्यांनी गाडीतून जे काढलं ते बघून मला हसू फुटलं, कारण ती चक्क पहार होती. आपल्याकडे खड्डा खणायला असते तशीच, लांब, टोकाला छिन्नीसारखी. पडली तरी हरवू नये म्हणून तिला दोर बांधून दुसरं टोक मनगटाला अडकवलेलं. पाऊल टाकण्याआधी हात लांब करून समोर दोनदा पहार मारायची. आवाज भरीव आला आणि टोक अडलं तर एक पाऊल. आवाज पोकळ आला किंवा टोक आरपार गेलं, तर आलो त्याच पावलांनी मागे. पहिली पन्नास-साठ पावलं चालायला आम्हांला पंधरा मिनिटं लागली.

मग त्यांनी गिरमिटाने भोक पाडलं. सुताराचं असतं तसंच गिरमिट, फक्त माणसाच्या कमरेएवढं, आणि आता बॅटरीवर चालतं. भोकात तरंगणारा चुरा झाऱ्यासारख्या एका पळीने काढला. मग एक पट्टी आत घालून खालच्या कडेला अडकवली आणि जाडी मोजली. अकरा सेंटिमीटर. तिथून तीस-चाळीस पावलांवर त्यांनी मुद्दाम मला दाखवायला, पालथं पडून आणि हात लांब करून, लव्हाळ्याच्या कडेला पहार मारली. ती एका ठोक्यात पाण्यात गेली. वरून दोन्ही ठिकाणं सारखीच. मी खाली वाकून बघितलं, हात फिरवला. गुळगुळीत, काळसर, काचेसारखा बर्फ. तीस वर्षं मुलांना पाण्याचं असंगत प्रसरण शिकवणाऱ्या माझ्या पायांतलं बळ त्या क्षणी गेलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

ते असंगत प्रसरणच या सगळ्याच्या मुळाशी आहे. पाणी थंड होत जाताना जड होतं, पण ४ अंशांपर्यंतच. त्याखाली ते पुन्हा हलकं होऊ लागतं. म्हणून शरदात तळं वरून थंड होतं, थंड पाणी खाली बसतं, खालचं वर येतं, आणि सगळं तळं ४ अंशांच्या आसपास आलं की हा फेरा थांबतो. आता वरचं पाणी वरच राहतं, तेच शून्यापर्यंत उतरतं आणि गोठतं. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून तो वर तरंगतो आणि खालच्या पाण्याचं पांघरूण होतो. पाण्याचा हा विक्षिप्तपणा नसता तर तळी तळापासून गोठली असती आणि मासे उरले नसते. पण याच कारणाने तळ्याचा बर्फ कुठेही सारखा नसतो. उथळ, बंदिस्त खाडी लवकर गोठते. मोठ्या, खोल, वाऱ्याच्या तळ्याला आठवडे लागतात. जिथे झरा फुटतो, ओढा येतो, पाणी वाहतं, पुलाखाली अरुंद होतं, तिथे खालून सतत थोडं कोमट पाणी लागत राहतं आणि बर्फ पातळ राहतो. लव्हाळ्याच्या, खडकाच्या, बुडालेल्या ओंडक्याच्या कडेलाही तसंच. हंसांचा थवा रात्रभर एके ठिकाणी बसला तर तिथे पाणी उशिरा गोठतं, आणि सकाळी थवा उडून गेल्यावर ती जागा ओळखू येत नाही. काही घरमालक आपला धक्का बर्फाने मोडू नये म्हणून पाण्यात हवेचे बुडबुडे सोडतात. तिथला बर्फ तर फसवाच.

धरणांच्या जलाशयांबद्दल पुस्तिकेत एक छोटं प्रकरण आहे. ते सोलापूरकराला पटकन उमगेल, कारण धरणाची पातळी रोज वर-खाली होते हे आपण वर्तमानपत्रात रोज वाचत मोठे झालो. बर्फ हा पुलासारखा दोन काठांवर टेकलेला नसतो. तो पाण्यावर तरंगतो आणि आपलं वजन खालच्या पाण्यावर टाकतो. सुतळीच्या बाजेवर बसलं की ती झोळ देते, तसा तोही आपल्या पायाखाली किंचित वाकतो, आणि खालचं पाणी त्याला उचलून धरतं. जलाशयातून पाणी सोडलं आणि पातळी खाली गेली, की काठाजवळचा बर्फ अधांतरी राहतो. खाली आधार नाही, मध्ये पोकळी. जाडी मापात असूनही तो फुटू शकतो.

बर्फाच्या रंगाबद्दल आमच्या लादीतून शिकता येतं. कारखान्यातली लादी नीट बघा. कडा पारदर्शक आणि मधला गाभा पांढरा. पत्र्याच्या डब्यात पाणी बाहेरून आत गोठत जातं, त्यात विरघळलेली हवा मध्ये ढकलली जाते आणि शेवटी तिथेच बुडबुड्यांच्या रूपाने अडकते. तो पांढरेपणा म्हणजे हवा. तळ्यावरचा स्वच्छ, काळसर दिसणारा बर्फ हा पाण्यातून थेट गोठलेला, दाट विणीचा. पांढरा, दुधाळ बर्फ बहुधा भिजून पुन्हा गोठलेल्या हिमाचा असतो, सैल विणीचा. त्याच्यावर भरवसा निम्मा ठेवायचा आणि जाडी दुप्पट हवी असं धरायचं. वर हिम साचलेलं असेल तर आणखी सावध, कारण हिम हे गोधडीसारखं आहे. वरची थंडी खाली पोचू देत नाही आणि बर्फ वाढत नाही. नवख्या माणसाला पांढरंशुभ्र तळं अधिक गोठल्यासारखं वाटतं. खरं बहुधा उलटं असतं.

आता जाडीच्या तक्त्याकडे येतो. या तक्त्यावरून माझा आणि संपादकांचा मतभेद झाला. मिनेसोटाचं निसर्गसंपदा खातं सांगतं, की नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर, होईपर्यंत त्यावर पाय ठेवू नये. हिमगाडीला ५ ते ७ इंच, लहान मोटारीला ९-१० इंच. कॅनडाची रेड क्रॉस आणखी सावध आहे. एकट्याने चालायला १५ सेंटिमीटर, घोळक्याने खेळायला २०, हिमगाडीला २५. हे आकडे बरोबर आहेत, पाठही करावेत. पण संपादकांना तो तक्ता पहिल्या पानावर हवा होता आणि मी नको म्हणालो. आकडा पहिल्या पानावर आला की माणूस तेवढाच लक्षात ठेवतो, एका भोकात १० सेंटिमीटर मोजतो आणि तळंभर १० सेंटिमीटर आहे असं समजून चालू लागतो. माझ्यासमोर अकरा सेंटिमीटरपासून चाळीस पावलांवर पहार आरपार गेली होती. तक्ता आता मोजायचं कसं हे सांगणाऱ्या प्रकरणाच्या नंतर आला आहे. त्याच्या आधीचं पान कृपया गाळू नका.

दोन गणितं मात्र मी हट्टाने घालायला लावली, कारण ती मनात बसली की घाई आपोआप कमी होते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले लॉर्न गोल्ड यांनी बर्फावरून वाहनं नेण्याबद्दल १९७१ मध्ये जे सूत्र मांडलं, त्याप्रमाणे बर्फाची वजन पेलण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ५ सेंटिमीटर बर्फ १० सेंटिमीटरच्या निम्मं नव्हे, चौथाई वजन पेलतो. दुसरं गणित त्याहून जुनं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं, योसेफ स्टेफान या शास्त्रज्ञाचं. बर्फ जसा जाड होतो तसा तोच खालच्या पाण्याचं पांघरूण होतो, म्हणून वाढ मंदावत जाते. जाडी दुप्पट व्हायला चौपट थंडी खर्ची पडते. पहिले ५ सेंटिमीटर दोन रात्रींत झाले, म्हणून पुढचे ५ आणखी दोन रात्रींत होतील असा हिशेब करू नये. थंडी तेवढीच राहिली तर पुढच्या पाचांना सहा रात्री लागतात. ज्या माणसाने शनिवारी मोजलं आणि सोमवारी परत गेला, त्याला नेमकं हेच माहीत नसतं.

मोठ्या तळ्यांवर आणखी एक धोका आहे, तो वाऱ्याचा. उत्तर मिनेसोटातलं अप्पर रेड लेक लवकर गोठतं, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तिथे झुंबड उडते. २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीला तिथे दोनशेच्या आसपास माणसं, आणि २०२३ च्या डिसेंबरअखेरीला शंभराहून अधिक, अशी बर्फाच्या मोठ्या तुकड्यासकट काठापासून तुटली. वाऱ्याने बर्फ फाटला आणि मध्ये उघडं पाणी आलं. सगळ्यांना सुखरूप काढलं, पण यांतले बहुतेक जण बर्फाला सरावलेले असणार, हे विसरू नये.

पाण्यात पडल्यावर काय होतं, हे प्रकरण मी तीनदा वाचलं. त्याचा आधार कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांचं काम आहे. या माणसाने स्वतःचं शरीर कित्येकदा बर्फाळ पाण्यात उतरवून अभ्यास केला. त्यांनी सांगितलेला आकडा असा. एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वासाचं. थंड पाणी अंगाला लागताच छाती आपोआप जोरात श्वास ओढते आणि पुढे धापा लागतात. त्या मिनिटात तोंड पाण्यावर ठेवायचं आणि श्वास ताब्यात आणायचा, दुसरं काही करायचं नाही. पुढची दहा मिनिटं हातपाय चालतात, बाहेर यायचं ते त्यातच. त्यानंतर बोटं, दंड निकामी होतात, पण गारठून शुद्ध जायला साधारण तासभर लागतो. म्हणजे पडलेला माणूस लगेच गोठून मरतो, ही समजूत चुकीची आहे. तो घाबरून गुदमरतो, किंवा दहा मिनिटं उलट्या दिशेला झगडून थकतो.

उलटी दिशा म्हणजे पुढची. पडलेला माणूस जिकडे तोंड असेल तिकडेच चढू बघतो, आणि तिकडचा बर्फ तर पातळच आहे. वळायचं, जिकडून आलो तिकडे. त्या बाजूच्या बर्फाने आत्तापर्यंत आपल्याला पेललं होतं. जाड कपडे काढत बसायचे नाहीत, त्यांत अडकलेली हवा काही वेळ तरंगवते. दोन्ही हात बर्फावर, पाय मागे उचलून पोहताना मारतो तसे जोरात मारायचे, अंग आडवं करायचं आणि सरपटत वर यायचं. ओला बर्फ हाताला लागत नाही, म्हणून गळ्यात दोन टोचे घालायचे असतात. आपला बर्फ फोडायचा टोच्या असतो तसेच, मुठीत मावणारे, दोरीने जोडलेले. ते पिशवीत ठेवले तर उपयोग नाही. वर आल्यावर उभं राहायचं नाही. गडबडा लोळत लांब जायचं. आणि लाईफ जॅकेट, तेही कोटावरून. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, तेव्हापासून आमच्या घरात या जॅकेटाबद्दल कोणी वाद घालत नाही. पाणी उजनीचं असो वा मिनेसोटाचं.

वाचवायला जाणाऱ्यासाठी जे लिहिलंय, ते मला त्या म्हशीची आठवण देऊन गेलं. धावत भोकाशी जाऊ नका. ओरडून धीर द्या, मदतीला फोन करा, मग काठी, शिडी, दोर, जे हाती असेल ते लांबून पोचवा. अगदी जवळ जावंच लागलं तर पालथे व्हा. फळ्यांवर पालथे पडलेले ते गावकरी कोणत्या पुस्तकातून शिकले होते?

हे सगळं वाचून कोणी विचारील, मग मुळात जायचंच कशाला? घरात बसावं. मी मासे धरणाऱ्यांच्या बाजूने आहे. कोवळ्या बर्फाचे दिवस हे मासेमारीचे उत्तम दिवस समजले जातात. मासे अजून उथळ पाण्यात, पाणवनस्पतींच्या आसपास असतात, पाण्यात प्राणवायू भरपूर असतो आणि ते भुकेले असतात. भाच्याच्या शेजाऱ्यांबरोबर गेलो त्या दिवशी संध्याकाळी सूर्य टेकताना वॉलाय नावाचा मासा गळाला लागला. त्याचा डोळा काचेच्या गोटीसारखा चमकतो आणि अंधुक उजेडात त्याला चांगलं दिसतं, म्हणून तो तिन्हीसांजेला शिकारीला निघतो. खाली बर्फ मधूनच घुमत होता, कोणी लांबवर मोठी घंटा वाजवावी तसा. मी दचकलो तेव्हा शेजारी म्हणाले की बर्फ थंडीने आकसतो-पसरतो, तेव्हा असा बोलतो, हा आवाज भीतीचा नाही. मग ते थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, की भीतीच्या आवाजाची वाट बघू नका, तो कधी कधी येतच नाही. रात्री घरी भाच्याच्या बायकोने तो मासा सोलापुरी काळ्या मसाल्यात केला, बरोबर कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. परदेशात हिवाळ्याचे पाच महिने घरात कोंडून काढलेल्या किती जणांची मनं कोमेजतात, ते मी पाहिलंय. तळ्यावर जाणारी माणसं हिवाळ्याची वाट बघतात. आपल्या मुलांनी, लेकी-सुनांनीही ती बघावी, असं मला मनापासून वाटतं.

ही कला फक्त गोऱ्यांची, असंही नाही. काश्मीरमध्ये आंचार आणि दल तळ्यांवर थंडीत कोळी डोंग्यात पालथे होऊन, डोक्यावर पांघरूण घेऊन पाण्यावर सावली धरतात आणि सावलीत दिसणारा मासा भाल्याने टिपतात. पाण्यावर बर्फ धरला असेल तर आधी वल्ह्याने तो फोडतात. तेच दल तळं जानेवारी २०२१ मध्ये गोठलं तेव्हा प्रशासनाला लोकांना त्यावर चालू नका म्हणून बजावावं लागलं.

भाषेबद्दल एक गोष्ट नोंदवतो. मूळ टिपणांत अवजारांची नावं इंग्रजीच होती. मी ती खोडून पहार, गिरमिट, झारा, टोचे केली आणि बर्फाला कोवळा आणि जून म्हटलं, भेंडीला म्हणतो तसं. संपादकांतल्या एका मुलीने विचारलं, काका, तिकडच्या दुकानात पहार मागून मिळेल का? नाही मिळणार. दुकानात इंग्रजी नावच सांगायचं. पण सहा वर्षांचा नातू काठावरून पुढे निघाला आणि हिवाळ्यात भेटायला गेलेल्या आजीला त्याला हाक मारायची असली, तर तिच्या तोंडून “थांब, आधी पहार मारू दे” हेच येईल. तळ्याकाठच्या पाट्या तिला वाचता येत नाहीत. हे पुस्तक तिने वाचावं म्हणून अक्षर मोठं ठेवलंय आणि आकडे देवनागरीत आहेत.

यंदा सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला भाचा येऊ शकत नाही, जानेवारीत त्याला रजा नाही. नंदीध्वज निघतील तेव्हा तो बहुधा तळ्यावर असेल. डिसेंबर लागल्यापासून त्याचा रोज सकाळी एक निरोप येतो. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते, दुकानात गिऱ्हाईक असतं. मी चष्मा लावून बघतो. परवा आला, “सात. ओढ्याकडे तीन.” काल आला, “नऊ. आज नाही.”

नवी पेठ, सोलापूर